‘लघवी मोकळी झाली ना, मग रात्रभर ठेवता कशाला?’

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रात्री अकराच्या पुढे प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटरवर आवाज चढला, की समजावे, आत टेबलावर बहुधा मांजर आहे. कुत्र्याला दुखले की तो घर डोक्यावर घेतो. मांजर गुपचूप पलंगाखाली जाऊन बसते. त्यामुळे मालकाच्या लेखी जे ‘आज संध्याकाळपासून’ असते, ते मांजराच्या अंगात काल सकाळपासून चाललेले असते. भांडण पैशांवरून दिसते. खरे म्हणजे दोघे वेगवेगळ्या वेळेपासून तास मोजत असतात आणि हा हिशेब कोणी कोणाला नीट उलगडून सांगत नाही. तो उलगडावा, एवढ्यासाठी हे पत्र.

वादाचा ठरलेला धनी म्हणजे लघवी तुंबलेला बोका. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार निमुळता होत जातो. चिकट स्रावाचा बोळा, बारीक खडे किंवा नुसती सूज आणि पेटका, यांतल्या कशानेही तो बंद होतो. मांजरीला हे क्वचितच होते. फ्लॅटमध्ये कोंडलेले, अंगाने सुटलेले, नुसते कोरडे खाणे खाऊन पाणी कमी पिणारे बोके यात जास्त सापडतात. घरात रंगकाम निघाले, पाहुणे आले, खाली दिवाळीचे फटाके वाजू लागले, तर तो ताणही मूत्राशयाला सूज यायला निमित्त होतो.

लक्षण सोपे असूनही चुकते. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जातो, पाठीची कमान करून बसतो, कुंथतो, ओरडतो आणि मागचा भाग सारखा चाटतो. घरचे म्हणतात, ‘याला शी होत नाहीये.’ मग केमिस्टकडून पातळ पॅराफिन येते, कधी एनिमा येतो. माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा एनिमा मांजराला दिला तर फॉस्फेट आणि सोडियम भलतेच चढून मांजर त्यानेच दगावू शकते. कोणी ‘लघवी साफ होण्याचे’ सिरप पाजते, कोणी लघवी वाढवणारी गोळी देते. नळाचे तोंड बुचाने बंद असताना टाकीत जास्त पाणी सोडण्याचाच हा प्रकार. घरी करण्यासारखी गोष्ट एकच: ट्रेमधल्या वाळूत लघवीचे ओले गोळे शेवटचे कधी होते, ते आठवा आणि लिहून ठेवा. डॉक्टर तिथूनच तास मोजतात. बेंबीच्या मागे, पोटाच्या खालच्या भागात हात हळूच ठेवला तर टणक लिंबासारखा किंवा त्याहून मोठा गोळा लागतो. तो दाबून लघवी काढायला जाऊ नये, फुटतो.

मार्ग पूर्ण बंद झाला, की साधारण एका दिवसात विष साठल्याची लक्षणे दिसू लागतात: उलटी, खाणे बंद, एका जागी पडून राहणे. दोन-तीन दिवसांत मृत्यू येतो. मृत्यूचे कारण बहुतेक वेळा मूत्रपिंड नसून हृदय असते. लघवीवाटे जाणारे पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. घाबरलेल्या मांजराची नाडी दवाखान्यात मिनिटाला १८० ते २०० असायला हवी. ती १२०च्या खाली आणि अंग थंड असेल, तर पोटॅशियम फार चढले आहे असे धरूनच अनुभवी डॉक्टर कामाला लागतो.

पहिली ठिणगी इथेच पडते. मालक म्हणतो, ‘आधी नळी घाला, तपासण्या मागून करा.’ डॉक्टर म्हणतो, आधी रक्त. इथे डॉक्टरचे बरोबर आहे. नळी घालायला गुंगी द्यावी लागते, आणि पोटॅशियम ८च्या वर असलेल्या बोक्याला (निरोगी मांजरात ते ५.५च्या आत असते) तयारीशिवाय गुंगी दिली तर तो टेबलावरच जाऊ शकतो. पण ‘रक्त’ म्हणजे नेमके काय, हे सांगताना डॉक्टर कमी पडतात. त्या घडीला हवे असते पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा), साखर आणि शक्य असेल तर ईसीजी. थोड्याशा रक्तात, काही मिनिटांत हे कळते. संपूर्ण प्रोफाइल, लघवीचे कल्चर (जंतूंची तपासणी), सोनोग्राफी हे सकाळपर्यंत थांबू शकते. खडा आहे का हे पाहायला एक्स-रे मात्र बोका घरी सोडण्याआधी व्हायला हवा. ही विभागणी तोंडाने न सांगता सगळ्या तपासण्यांचा एकच मोठा आकडा पुढे सरकवला, तर मालकाला आपल्याला लुबाडताहेत असे वाटणारच.

दुसरी ठिणगी बिलावर. ‘आमच्या बोक्याला डायबेटिस नाही, मग इन्सुलिन कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि उत्तर अर्ध्या मिनिटाचे आहे. चढलेल्या पोटॅशियमवर तीन गोष्टी करतात. शिरेतून सावकाश कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. त्याने पोटॅशियम उतरत नाही, पण अर्धा तासभर हृदयाला ढाल मिळते. मग इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज, म्हणजे रक्तातले पोटॅशियम पेशींत ढकलले जाते. इन्सुलिनने साखर खाली येते, म्हणून नंतर काही तास ती पुन्हा पुन्हा मोजावी लागते. बिलात साखरेची तपासणी पाच वेळा दिसते ती त्यामुळे. आणि तिसरे म्हणजे तुंबलेली लघवी बाहेर काढणे. खरा इलाज तोच, बाकीचे दोन त्यासाठी वेळ मिळवून देतात.

गुंगीत बारीक नळी, बहुधा साडेतीन ‘फ्रेंच’ची (हे नळीच्या जाडीचे माप), सलाईनच्या धारेने बोळा मागे ढकलत आत नेतात, टाके घालून बसवतात आणि बंद पिशवीला जोडतात. जमत नसेल तर पोटावरून सुईने लघवी काढून दाब कमी करतात आणि पुन्हा प्रयत्न करतात. पिशवीत लघवी दिसली, की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात आणि या पत्राच्या शीर्षकातला प्रश्न विचारतात. घरी न्यायचा हट्ट धरतात, कधी सही करून नेतातही.

रात्रभर ठेवायचे कारण असे. चार किलोच्या निरोगी मांजराला तासाला साधारण ४ ते ८ मिलीलिटर लघवी होते. अडथळा सुटल्यावर मूत्रपिंडे काही तास पाणी राखू शकत नाहीत, आणि तोच बोका तासाला ३०-४० मिलीलिटर लघवी करू लागतो. तेवढे सलाईन परत शिरेतून गेले नाही तर तो सुकतो, पोटॅशियम उलट फार उतरते आणि बोका मान टाकून पडतो. जास्त गेले तर फुप्फुसांत पाणी होते, विशेषतः हृदयाचा छुपा आजार असेल तर. म्हणून दर चार तासांनी आत किती गेले आणि बाहेर किती आले, हे मोजून सलाईनचा वेग बदलतात. घरी चमडीखाली दिलेल्या सलाईनने हा हिशेब जुळत नाही. नळी साधारण २४ ते ४८ तास ठेवतात. काढल्यावर बोका आपणहून लघवी करतो की नाही, हे पाहायला आणखी काही तास जातात. पुन्हा तुंबण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो.

मालकाने भांडण्याऐवजी एकच विचारावे: ‘गेल्या चार तासांत सलाईन किती गेले, लघवी किती आली?’ दवाखान्यात खरोखर लक्ष दिले जात असेल तर दोन आकडे लगेच मिळतील. न मिळाले तर त्या दवाखान्यात रात्रभर ठेवण्याचे पैसे भरण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसेच नसतील तर? हा प्रश्न डॉक्टर टाळतात आणि मालक लाजेने विचारत नाही. मधली वाट आहे. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ बोक्यांना नळी न घालता शांत, अंधाऱ्या जागी गुंगीची औषधे देऊन आणि लागेल तेव्हा सुईने मूत्राशय रिकामे करून ठेवले. १५ पैकी ११ सुटले. ज्यांचे पोटॅशियम फार चढलेले नाही आणि ज्यांना खडा नाही, अशांसाठीच ही वाट आहे, आणि ती नळीइतकी भरवशाची नाही. पण ‘सगळे करा नाहीतर इंजेक्शनने कायमचे झोपवा’ या दोन टोकांच्या मध्ये काही आहे, हे मालकाला कळायला हवे. पुन्हा पुन्हा तुंबणाऱ्या बोक्यासाठी मूत्रमार्गाचे तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया असते. ती रात्री दोन वाजता ठरवण्याची गोष्ट नव्हे.

दुसरा वाद धापेवर आलेल्या मांजराचा, आणि तो उलटा असतो. ‘अर्धा तास झाला, नुसते काचेच्या डब्यात ठेवलेय, कोणी हातसुद्धा लावत नाही!’ तोंड उघडून श्वास घेणारे मांजर हे कुत्र्याच्या धापेसारखे नसते, ते बुडत असते. त्याला एक्स-रेसाठी आडवे पाडले, पाय धरून रक्त काढले, की त्या झटापटीत ते दगावते. म्हणून आधी ऑक्सिजनचा डबा, थोडे शांत करणारे इंजेक्शन, फुप्फुसांत पाणी वाटले तर लघवी वाढवणारे इंजेक्शन, आणि मग थांबायचे. हात न लावणे हाच तिथे उपचार असतो, फक्त तसे सांगणारा कोणी बाहेर येत नाही. घरी मोजायची गोष्ट: गाढ झोपेत छातीची हालचाल मिनिटाला ३०च्या आत हवी. सतत त्यापुढे जात असेल तर दिवसाउजेडी दाखवा. मागचे पाय अचानक लुळे आणि थंड पडले, मांजर किंचाळत असेल, तर ती मुरगळ नसते. बहुधा हृदयातून सुटलेली गुठळी पायांच्या रक्तवाहिनीत अडकलेली असते. तिथे कदाचित वाचणार नाही, हे डॉक्टरने पहिल्या भेटीतच सांगावे.

तिसरा वाद लपवाछपवीचा. मांजराला ताप वाटला म्हणून घरात असलेली पॅरासिटामॉल अर्धी करून दिली जाते. पाचशेच्या गोळीचा अर्धा भाग चार किलोच्या मांजरात किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या पुढे जातो; किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झालेली आहे. हे औषध निकामी करायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. काही तासांत हिरड्या चॉकलेटी-करड्या होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते, कारण रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. उतारा आहे, अॅसिटिलसिस्टीन, आणि तो जितका लवकर तितका उपयोगी. पण डॉक्टर रागावतील म्हणून मालक सांगत नाही, आणि डॉक्टर दोन तास हृदय नि फुप्फुसे धुंडाळतो. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे, गोचीड-पिसवांसाठीचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला लावल्यावरही हेच; मांजर थरथरत, झटके देत येते आणि ‘काही लावले नाही’ असे उत्तर मिळते. दादरच्या बाजारातून आलेल्या बुकेतली मोठी, तपकिरी पराग सांडणारी लिली चावली तर मूत्रपिंडे जातात. अंगावरचे पराग चाटणेही पुरते. मालकांना विनंती, गोळीची पट्टी, बाटली, फूल, जे असेल ते पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना विनंती, ‘काय दिले?’ हा प्रश्न पोलिसी आवाजात विचारू नका. ‘घरात कोणती औषधे आहेत?’ असे विचारले की निम्मी उत्तरे आपोआप येतात.

मुंबईत चौथा वाद खिडकीचा. कबुतरामागे धावलेले मांजर आठव्या मजल्यावरून पडते, उठून चालते, आणि मालक एक्स-रेला नाही म्हणतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेली न्यूयॉर्कमधली १३२ मांजरांची पाहणी आता व्हॉट्सॅपवर सगळ्यांना पाठ आहे: उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली. त्याच पाहणीत सुमारे ९० टक्के मांजरांच्या छातीला मार होता, हे मात्र कोणी पुढे पाठवत नाही. छातीत हवा हळूहळू साठते, फाटलेले मूत्राशय दुसऱ्या दिवशी दगा देते, टाळूची चीर तोंड उघडल्याशिवाय दिसत नाही. चोवीस तास निरीक्षण हवेच. कबुतरांची जाळी आतून ताणून बघा. नायलॉनची जुनी जाळी उन्हाने कुजते.

आता डॉक्टरांच्या बाजूचे. ‘पैसे नसतील तर प्राणी पाळता कशाला?’ हे वाक्य कोणत्याही दवाखान्यात उच्चारले जाऊ नये. डिपॉझिट मागण्यात गैर नाही. रात्रीचा डॉक्टर, ऑक्सिजन, मशीन यांचा खर्च खरा आहे आणि पहाटे पिंजरा रिकामा करून गायब होणारेही खरे आहेत. पण डिपॉझिटची पावती आणि उपचाराचा अंदाज हे दोन वेगळे कागद आहेत, आणि दुसरा फार थोड्या ठिकाणी मिळतो. अर्धे पान पुरेल. आजार काय वाटतो. आत्ता, या तासात काय केलेच पाहिजे. सकाळपर्यंत काय थांबू शकते. खर्च कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. रात्री फोन किती वाजता येईल. आणि हृदय बंद पडले तर छाती दाबून प्रयत्न करायचे की नाही. शेवटचा प्रश्न अशुभ वाटतो म्हणून गाळू नये. तसे प्रयत्न केलेल्या मांजरांपैकी फार थोडी घरी जातात, आणि ऐन वेळी तो निर्णय फोनवर मागणे हा मालकावर अन्याय आहे. खर्च सांगितलेल्या वरच्या आकड्याच्या पुढे जाणार असेल तर आधी विचारावे. सकाळी बिलात दाखवू नये.

‘२४ तास’ या पाटीबद्दलही लिहायला हवे. काही ठिकाणी चोवीस तास उघडे असते ते फक्त दार. रात्री एक अटेंडंट असतो आणि डॉक्टर फोनवर. तसे असेल तर तसे पाटीवर लिहा. नळी घातलेला बोका रात्री दोन वाजता पिशवी ओढून काढतो, तेव्हा तिथे कोण जागे असते, हे जाणण्याचा हक्क पैसे भरणाऱ्याला आहे. ॲडमिट करण्याआधी मालकांनी हे विचारावेच.

मालकांनीही अशी रात्र येण्याआधी थोडी तयारी करावी. आपल्या घरापासून रात्री खरोखर सुरू असणारे दोन दवाखाने शोधून तिथे एकदा दिवसा जाऊन यावे. उपनगरातली रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे जात नाही, मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असते, आणि पावसात हिंदमाताचा सखल रस्ता तुंबला की परळचे बैलघोडा हॉस्पिटल (प्राण्यांचे जुने रुग्णालय) नकाशावर जवळ दिसून उपयोग नाही. मांजर ओढणीत गुंडाळून कडेवर नेऊ नका. वरून उघडणारा कॅरिअर, त्यात घरचा वास असलेला टॉवेल, वरून चादर. निघण्याआधी फोन करून ‘बोका आहे, लघवी अमुक वाजल्यापासून नाही’ एवढे सांगितले तरी आत तयारी सुरू होते. तुमच्यानंतर आलेल्याला आधी आत घेतले तर नंबर तोडला असे समजू नका. तिथे नंबर लागतो तो कोण आधी मरेल या क्रमाने.

दुसऱ्या डॉक्टरचे मत हवे असेल तर नोंदी मागून घ्या: रक्ताचे आकडे, दिलेली औषधे आणि त्यांचे डोस, नळी घातली ती वेळ, एक्स-रेची प्रत. या मागण्यात अपमान नाही, आणि न देण्यात शहाणपण नाही. खरोखर हलगर्जी झाली असे वाटत असेल, तर काउंटरवरची काच फोडण्यापेक्षा किंवा रात्रीच पाच जणांकडून इंटरनेटवर एक-एक तारा देववण्यापेक्षा रीतसर वाट आहे. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणी झालेल्या डॉक्टरविरुद्ध राज्य पशुवैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते, आणि पैसे घेऊन दिलेल्या सेवेबद्दल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडेही जाता येते. दोन्हीकडे कागद मागतात. वर म्हटलेले अर्धे पान तिथेही कामाला येते, मालकाच्याही आणि डॉक्टरच्याही.

आणि सल्ला डावलून बोका घरी नेलाच, तर निदान एवढे करा. ट्रेमधली वाळू काढून कोरा कागद अंथरा, म्हणजे थेंब दिसतात. पहिले दोन दिवस रात्रीही गजर लावून दर चार तासांनी बघा. आठ तासांत ओले दिसले नाही किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका.

कळावे,
आपला नम्र,
एक पशुवैद्यक, दादर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)